तीमारदाराचा रकाना

उर्दूत आजाऱ्याशी नाते सांगणारे दोन शब्द आहेत. एक इयादत आणि दुसरा तीमारदारी. इयादत म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाणे, त्याची विचारपूस करणे, दुवा देऊन परत येणे. तीमारदारी म्हणजे आजाऱ्यापाशी राहणे. त्याचे खाणेपिणे, औषधपाणी, उठबस, कपडालत्ता सारे पाहणे. वर्गात हे शब्द समजावताना आम्ही मुलांना सोपे करून सांगतो, की इयादत करणारा घरी परत जातो आणि तीमारदार तिथेच राहतो.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा आम्ही शिरूरच्या गल्ल्यांतून घरोघर फिरत होतो. ताप किती, प्राणवायूची पातळी किती, घरात मधुमेह, हृदयविकार, दमा कुणाला आहे, हे विचारायचे आणि लिहून घ्यायचे. एका घरात पडद्याआड एक वृद्ध बसलेले दिसले. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. सुनेने सांगितले, ‘‘सर, त्यांना ताप नाही, खोकला नाही. त्यांचं जुनंच आहे.’’ आम्ही ताप नाही असे लिहिले आणि पुढच्या घराकडे वळलो. पण ‘त्यांचं जुनंच आहे’ हे शब्द मनातून जाईनात. कारण असेच एक ‘जुने’ दुखणे दौंडला आमच्या घरी होते आणि त्या साथीने त्याचे काय केले, हे आम्ही महिनाभरापूर्वीच पाहिले होते.

साथीचा इतिहास लिहिताना साथीने किती माणसे आजारी पडली आणि किती दगावली, एवढेच मोजले जाते. जे आधीपासून आजारी होते, ज्यांचा आजार दिवसादिवसाने वाढणारा होता, त्यांचे आणि त्यांच्या तीमारदारांचे त्या काळात काय झाले, हे कुठे लिहिलेले सापडत नाही. या लेखात आम्ही तेच थोडे शोधून पाहणार आहोत.

इतिहासाचा एक योगायोग येथे सांगण्यासारखा आहे. १८१७ साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी ‘कंप पावणाऱ्या पक्षाघाता’वर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. अवघ्या सहा माणसांच्या निरीक्षणावर तो आधारलेला होता आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यात येताजाता पाहिलेले होते. आज आपण ज्याला पार्किन्सन म्हणतो, तो हा आजार. आयुर्वेदाने कंपवात ओळखला होता. युनानी हकीम कंपाला रअशा म्हणतात आणि इब्न सीनाच्या ‘अल-कानून’मध्येही त्याचे विवेचन आहे. त्याच १८१७ साली बंगालमधल्या जेसोरला पटकीची, म्हणजे हैजाची, पहिली मोठी जागतिक साथ उफाळली. पुढच्या पावसाळ्यात ती दख्खनमध्ये उतरली आणि घोडनदीकाठच्या आमच्या शिरूरच्या इंग्रज छावणीपर्यंत येऊन पोहोचली. कोरेगावच्या लढाईसाठी कॅप्टन स्टाँटनची तुकडी जिथून निघाली, तीच ही छावणी. छावणीतल्या पटकीची नोंद इंग्रज डॉक्टरांनी केली. त्या वर्षी शिरूरच्या एखाद्या घरात हात थरथरणारा म्हातारा असेलच, पण त्याची नोंद कोण करणार? झपाट्याने मारणारा आजार सरकारदरबारी जातो आणि सावकाश मारणारा घरातच राहतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि काही महिन्यांत पुण्यास आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरात शिरून झडत्या घेऊ लागले. संशयित आजाऱ्याला रुग्णालयात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत नेत. आजारी एकीकडे आणि तीमारदार दुसरीकडे, असा तो बंदोबस्त होता. लोकांचा संताप देवघर बाटवल्याचा होता, बायकांच्या अंगाला परक्याने हात लावल्याचा होता. पण त्याखाली आणखी एक भीती होती. आपले माणूस आपल्या हातून नेले, की त्याच्या तोंडात पाणी कोण घालणार?

शिरूरहून आम्ही न्हावरे, पारगावमार्गे भीमा ओलांडून दौंडला जातो, तेव्हा वाटेत केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींना प्लेगच्या दिवसांत पुण्यात ठेवणे कठीण झाले, तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या आपल्या शेतावर हलवले होते. त्याच रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत बायकांची काय स्थिती होते, हे उघड केले. त्यांच्या आश्रयाखालची एक मुलगी त्या व्यवस्थेच्या ताब्यात गेल्यावर तिची जी परवड झाली, ती त्यांनी मांडली. राज्यकर्त्यांना ते झोंबले.

याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका दलित घरातल्या प्लेगग्रस्त मुलाला उचलून हडपसरला डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणताना त्यांना लागण झाली. आपण त्यांना पहिल्या शिक्षिका म्हणून स्मरतो. पण त्या गेल्या तीमारदार म्हणून, हेही आम्हां शिक्षकांनी विसरू नये.

पुढच्या वर्षी, ९ मार्च १८९८ रोजी, मुंबईच्या मदनपुऱ्यातल्या जुलाहा मुसलमानांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासण्यावरून आणि नेण्यावरून दंगल पेटली. गोळीबार झाला, माणसे मेली. या घटनेकडे ‘अडाणी लोकांचा विरोध’ म्हणून पाहण्याची रीत आहे. पण त्यानंतर सरकारने सक्ती सैल केली आणि जातीजमातींच्या स्वतंत्र प्लेग रुग्णालयांना मोकळीक दिली, हेही खरे आहे. तिथे आजाऱ्यापाशी आपली माणसे असत. म्हणजे विणकरांचे म्हणणे अगदीच अडाणीपणाचे नव्हते. आजाऱ्याला त्याच्या माणसापासून तोडू नका, एवढेच ते सांगत होते.

मग १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. जूनमध्ये तो मुंबईत उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्या लाटेने कहर केला. रेल्वे जिथे गेली तिथे तो गेला. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. हिंदुस्थानात सव्वा कोट ते पावणेदोन कोट माणसे मेली, असे अंदाज आहेत. जनगणना सुरू झाल्यापासून देशाची लोकसंख्या घटल्याचे दाखवणारी एकच जनगणना आहे, ती १९२१ ची. या साथीत आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका अधिक मेल्या. कारणे शोधणाऱ्यांनी दोन गोष्टी पुढे केल्या आहेत. बायकांच्या पोटात आधीच अन्न कमी होते आणि आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याच अंगावर होती. म्हणजे तीमारदारांची मोजणी त्या वेळी झाली, पण मेल्यावर आणि तीसुद्धा ‘स्त्रिया’ या रकान्यात.

त्याच सुमारास जगभर एक विचित्र मेंदूज्वर पसरला होता. व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये त्याचे वर्णन केले. माणसे दिवसेंदिवस झोपून राहत. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे पार्किन्सनसारखा कंप आणि ताठरपणा जडला. त्याचा इन्फ्लुएन्झाशी संबंध होता की नाही, हे आजही सिद्ध झालेले नाही. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात अशाच रुग्णांना लेवोडोपा हे नवे औषध दिले गेले आणि वर्षानुवर्षे पुतळ्यासारखे बसलेले लोक काही काळ हालूबोलू लागले. डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यांची हकीकत १९७३ मध्ये पुस्तकात लिहिली. त्याआधी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका पार्किन्सनग्रस्त बाईंनी फ्लू होऊ नये म्हणून अमँटाडिन घेतले आणि आपला कंप कमी झाल्याचे डॉक्टरांना सांगितले. डॉक्टरांनी ऐकून घेतले, म्हणून ते आज पार्किन्सनचेही औषध आहे. साथीच्या काळात जुन्या आजाऱ्याला काय होते हे विचारले, तर त्यातून विद्या वाढते, ती अशी.

आता आमच्या घरची गोष्ट. अब्बा दौंडच्या रेल्वेतून निवृत्त झाले होते. २०१३ मध्ये त्यांना पार्किन्सनचे निदान झाले. या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचाल मंदावते, अंग ताठरते, आवाज बसतो, चेहऱ्यावरचे भाव मावळतात. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. आजार मुळातून जात नाही. लेवोडोपाच्या गोळीने काही तास हातपाय चालतात आणि तिचा अंमल उतरला की माणूस पुन्हा गोठतो. म्हणून गोळीची वेळ हीच या आजारातली खरी दोरी आहे. अब्बांना दिवसातून पाच वेळा गोळी लागे. ती दोरी अम्मीच्या हातात होती.

अब्बांचा व्यायाम म्हणजे मशिदीला जाणे. घरातल्या उंबऱ्याशी ज्यांचे पाय अडत, ते मशिदीत सफांच्या रेघांवरून सहज चालत. जमिनीवर आडव्या रेघा असल्या, की पार्किन्सनच्या रुग्णाचे अडलेले पाऊल पुष्कळदा सुटते, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. अब्बा म्हणत, ‘‘सारी उम्र स्लीपरांवर पाय टाकत गेली, आता सफांवर.’’ रुकू, सजदा, उठणे, बसणे यांतून अंगही मोकळे राही. चार ओळखीची माणसे भेटत, सलाम-दुआ होई.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले करोनाबाधित सापडले. काही दिवसांतच १८९७ चा तोच कायदा पुन्हा लागू झाला. मग प्रवासी रेल्वे थांबल्या, टाळेबंदी आली, मशिदीही बंद झाल्या. हे सारे गरजेचे होते आणि आमच्या जमातीने ते मान्य केले. त्या वर्षीच्या रमजानमध्ये तरावीह घरीच झाली. पण अब्बांच्या दृष्टीने एका दिवसात रेघा गेल्या, चालणे गेले, माणसे गेली. मेपर्यंत ते पलंगावरून उठायला दोन माणसे मागू लागले. आम्ही फोनवरून सांगून अम्मीकडून घरातल्या फरशीवर खडूच्या रेघा ओढून घेतल्या. थोडा उपयोग झाला. पण खोलीच्या दहा पावलांना मशिदीच्या वाटेची सर येत नाही. मास्कमुळे आणखी एक झाले. आधीच बसलेला आवाज त्याआडून ऐकू येईना, तेव्हा अब्बांनी बोलणेच सोडले.

रमजानमध्ये रोजे ठेवण्याचा त्यांचा हट्ट होता. आजाऱ्याला कुरआनने सवलत दिली आहे, फिदयाची वाट आहे, हे इमामसाहेबांनी फोनवर समजावले. लेवोडोपा अचानक थांबवले तर ताप चढून जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांनी सांगितले. दोघांचे एक झाले तेव्हा अब्बा मानले. आपल्या घरांत असे वृद्ध असतील, तर ही गोष्ट चाँदरातीची वाट न पाहता आधीच बोलून घ्यावी.

एप्रिलात दौंडला त्यांच्या गोळ्या मिळेनात. शिरूरला आम्हांला दोन पाकिटे मिळाली. शिरूर आणि दौंड तालुक्यांमध्ये भीमा आहे आणि त्या दिवसांत वाटेवर नाके होते. एका नाक्यावरून आम्हांला परत पाठवले गेले. डॉक्टरची चिठ्ठी जुनी आणि आमच्यापाशी पास नाही. खरे तर केंद्राच्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाने २६ मार्च २०२० लाच सूचना काढली होती, की दिव्यांगांना सांभाळणाऱ्यांना पास देऊन किंवा सूट देऊन त्यांच्यापर्यंत पोहोचू द्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचे नावही आहे. पण हे आम्हांला माहीत नव्हते आणि नाक्यावरच्यांनाही नव्हते. अब्बांचे दिव्यांग प्रमाणपत्र आम्ही कधी काढलेच नव्हते; ‘अपना बाप अपाहिज नहीं’ या अभिमानात राहिलो. शेवटी गोळ्या एका दूधगाडीवाल्याच्या हाती गेल्या. तो ना आमच्या जातीचा, ना ओळखीचा. अल्लाह त्याचे भले करो.

ऑगस्टमध्ये अम्मीची चाचणी पॉझिटिव्ह आली. तिला काळजी केंद्रात नेले. अब्बा निगेटिव्ह होते. आम्ही शिरूरहून धावलो. पाच दिवसांत आम्हांला कळले, की अब्बांचा आजार आम्हांला माहीतच नव्हता. गोळ्यांची नावे ठाऊक होती. पण गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यायची, दुधाबरोबर द्यायची नाही, हे ठाऊक नव्हते. लेवोडोपा आणि प्रथिने आतड्यातून एकाच वाटेने शोषली जातात. दुधासोबत गोळी दिली, तर ती पुरेशी पोहोचत नाही. ताकद यावी म्हणून आम्ही प्रेमाने पेलाभर दुधाबरोबर गोळी देत राहिलो आणि अब्बा गोठत गेले. चौथ्या दिवशी ते न्हाणीत पडले. गोळीनंतर वीस मिनिटे थांबायचे, मग ‘एक-दो’ म्हणत उठवायचे, वळताना हात ओढायचा नाही, घोट घेताना हनुवटी खाली ठेवायला सांगायची, हे सारे अम्मीच्या डोक्यात होते. कागदावर एक अक्षर नव्हते. ती स्वतः तापात असून केंद्रातून फोनवर सांगत राहिली.

अम्मी बरी होऊन परत आली. पण अब्बा पुन्हा आधाराशिवाय चालले नाहीत. १६ नोव्हेंबर २०२० ला मशिदी उघडल्या, तेव्हा ते दारापर्यंतच गेले. जानेवारी २०२२ मध्ये घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला आणि ते गेले. तेव्हाही करोना चाचणी निगेटिव्हच होती. सरकारी कागदांत अम्मी दोनदा आहे. एकदा बाधितांत, एकदा बरे झालेल्यांत. अब्बा त्या साथीच्या कोणत्याच कागदावर नाहीत.

आमचा कुणावर आरोप नाही. साथीत बंदोबस्त लागतो. पण १८९७, १९१८ आणि २०२० एकापुढे एक ठेवून पाहिली, तर एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. बंदोबस्त करणारे आजाऱ्याला एकटा माणूस समजतात. दीर्घ आजारात तो एकटा नसतोच. आजारी आणि तीमारदार मिळून एक माणूस होतो. त्यांतला एक उचलून नेला, की दुसरा निम्मा राहतो. करोनातही अनेक वॉर्डांत घरच्या माणसाला प्रवेश नव्हता. ज्याला स्वतः बोलता येत नाही, ज्याची गोळी तासावर आहे, त्याची ही गोष्ट तिथे कोण सांगणार होते?

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. टाळेबंदीत त्यांनी आपल्या सभा ऑनलाइन सुरू ठेवल्या. आम्हांला हे फार उशिरा कळले. शुभंकर हा शब्द आम्हांला आवडला, कारण त्यात तीमारदाराला नाव मिळाले आहे. ज्याला नाव मिळते, त्याचा रकाना कधी तरी होतो.

तोवर आपण आपल्या घरापुरते काही करू शकतो. दिव्यांग प्रमाणपत्र काढण्यात कमीपणा नाही, ते काढावे. गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या जास्तीच्या ठेवाव्यात. घरात एकच तीमारदार ठेवू नये. बहुतेक घरांत ती अम्मी, बीवी किंवा बहू असते; मुलांनी आणि पुरुषांनीही ते काम हाताने शिकावे. आणि जे तिच्या डोक्यात आहे ते लिहून काढावे.

अम्मी केंद्रातून परतल्यावर आम्ही शंभर पानी वही आणली. तिने सांगितले आणि आम्ही लिहिले, एका पानावर उर्दूत आणि समोरच्या पानावर मराठीत. कारण रुग्णवाहिकेतला माणूस उर्दू वाचेलच असे नाही. वर अब्बांचे नाव आणि आजार, खाली गोळ्यांच्या वेळा, मग काय करावे आणि काय करू नये. शेवटी एक ओळ आम्ही आपल्या मनाने घातली. ‘तीमारदार’ असे लिहून त्यापुढे अम्मीचे नाव. अम्मी म्हणाली, ‘‘मेरा नाम काहे को?’’ आम्ही ते खोडले नाही.

मोहिमेच्या उरलेल्या दिवसांत, ‘जुनं दुखणं’ असे कुणी म्हटले की आम्ही थांबून आणखी एक प्रश्न विचारू लागलो. यांना कोण सांभाळते आणि ते माणूस आजारी पडले तर कोण? छापील कागदावर त्याला जागा नव्हती. आम्ही उत्तरे समासात लिहिली. त्या पडद्याआडच्या वृद्धांच्या सुनेने आमची वही उतरवून घ्यायला नेली आणि आठ दिवसांनी परत आणून दिली. तिच्या प्रतीत शेवटच्या ओळीपुढे दोन नावे होती, तिचे आणि तिच्या नवऱ्याचे.